अठ्ठेचाळीस तुकड्यांचा गाळा

नेरूळला माझं पोळीभाजी केंद्र आहे, नऊ वर्षं झाली. पहाटे साडेपाचला शटर वर जातं, साडेनऊपर्यंत दीडशे डबे बाहेर पडतात, मग दुपारभर काउंटरवरची गिऱ्हाइकं. गाळा भाड्याचा. मालक म्हणजे शेजारच्या सेक्टरमध्ये राहणारे एक निवृत्त काका. दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः येऊन भाड्याचा चेक न्यायचे आणि जाताना दोन पुरणपोळ्या बांधून घ्यायचे. पोळ्यांचे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत, मीही कधी मागितले नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत आले ते खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, "गाळा काढायचाय. बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच घे."

दुसऱ्या दिवशी एजंट हजर. "ताई, तीनशे दहा फूट, भाव चौऱ्याहत्तर चालू आहे, तुमच्यासाठी सत्तर लाखांत बसवतो. पेपर एकदम क्लिअर. सर्च रिपोर्टपण काढून ठेवलाय, हा बघा." दोन पानांचा रिपोर्ट, खाली वकिलाचा शिक्का, शेवटच्या ओळीत 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल', म्हणजे मालकी हक्क स्वच्छ आणि विकण्याजोगा. आणि नेहमीचं वाक्य: उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय. ज्या जागेत मी नऊ वर्षं कणीक मळतेय ती बघायला दुसरी पार्टी येणार, या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री एक लाख टोकन पाठवून मोकळी झाले. पावती नाही, कागद नाही. व्हॉट्सॲपवर एजंटचा एक हात जोडलेला इमोजी, बस.

माझ्या डब्याच्या गिऱ्हाइकांत एक मुलगी आहे, ठाण्याला वकिलांकडे टायपिंग करते. तिला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, आमच्या मॅडमना एकदा कागद दाखवा. त्या फक्त गाळे, ऑफिसं, गोडाऊन हेच बघतात."

मॅडमचं ऑफिस नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'ॲडव्होकेट अँड सॉलिसिटर'. मला वाटलं, आपण 'शुद्ध तुपातले' लिहितो तसंच हे असणार. पुढे कधीतरी विचारलं तेव्हा कळलं की सॉलिसिटरची परीक्षा खरोखर वेगळी असते. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी नावाची संस्था ती घेते, १८९४ सालची संस्था आहे, आणि परीक्षेआधी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. मॅडमची आर्टिकलशिप फोर्टातली. लग्नानंतर ठाण्याला आल्या आणि रोजचा लोकलचा प्रवास नको म्हणून इथेच ऑफिस थाटलं.

फी सांगितली पंचेचाळीस हजार. मी म्हटलं, "एजंटचा वकील आठ हजारांत करतो."

"मग त्यांच्याकडून करून घ्या की," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं. भाजीवाली 'दुसरीकडे बघा' म्हणते ना, तसं. मी पंधरा हजार आगाऊ देऊन आले. घरी नवऱ्याला पंचवीस सांगितले.

पहिल्या भेटीत त्यांनी एजंटचा रिपोर्ट दोन मिनिटांत वाचून बाजूला ठेवला. "हा सर्च आहे. टायटल नाही." मला दोन्ही एकच वाटत होतं. मग त्यांनी समजावलं. दुय्यम निबंधकाकडे जे दस्त नोंदले जातात त्यांचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, सगळे म्हणतात तो इंडेक्स टू. सर्च करणारा माणूस तीस वर्षांच्या सूच्या चाळतो आणि या जागेवर कुठकुठले दस्त झाले ते लिहून देतो. तीसच का, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायच्या दाव्याला तीस वर्षं दिली आहेत, म्हणून वकिलांनी तेवढं मागे जायचा रिवाज पाडला. संगणकाच्या आधीची पुस्तकं हातानं लिहिलेली. पानं फाटलेली, काही बाइंडिंगला गेलेली असतात, तेही रिपोर्टात लिहावं लागतं. नेरूळ ठाणे तालुक्यात येतं म्हणून पुस्तकं ठाणे जिल्ह्यातली. हाच गाळा खारघरला असता तर पनवेल तालुका, रायगड जिल्हा, कार्यालयच वेगळं.

"नोंदलेलं असेल ते सर्चमध्ये दिसतं," मॅडम म्हणाल्या. "माणूस मेल्याची नोंद महापालिकेत होते, दुय्यम निबंधकाकडे होत नाही."

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. पंधरा दिवसांनी उतरलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी काकांना सगळे मूळ कागद घेऊन बोलावलं. काका, एजंट आणि मी. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढला. बिल्डरनं पहिल्या मालकाला गाळा विकला ते १९९४ चं साठेखत. त्या मालकानं २००४ मध्ये काकांना विकला तो दस्त. भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स, मालमत्ता कराच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मॅडमनी सर्टिफिकेट हातात घेऊन आधी उलटं केलं. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. तिथे २०१६ ची एक ओळ होती, काकांच्या एकट्याच्या नावाची. मग २००४ च्या दस्ताचं पहिलं पान. तिथे घेणार म्हणून दोन नावं.

"हे दुसरे कोण?"

"माझे मोठे बंधू. दोघांनी मिळून घेतला होता. २०१५ ला गेले. अटॅक."

"मृत्युपत्र?"

"नाही हो, अचानकच गेले. पण नॉमिनी मी होतो. सोसायटीनं रीतसर नावावर करून दिलाय." काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नॉमिनी म्हणजे सोसायटीनं पत्रव्यवहार कुणाशी करायचा तो माणूस. मालकी वारसांची. भावांना मुलंबाळं?"

वहिनी कराडला, मुलगा पुण्यात, मुलगी लग्न होऊन मस्कतला. एजंट लगेच पुढे सरसावला, "मॅडम, घरचीच माणसं आहेत, तिघांच्या सह्या आणून देतो." मॅडम लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भाऊ गेले तेव्हा आई होत्या?"

"होती की. आई २०१९ ला गेली."

"तुम्ही दोघंच भावंडं?"

काका जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले. "एक बहीण आहे. चिपळूणला. पण तिचं लग्न होऊन पन्नास वर्षं झालीत."

"लग्नाचा इथे काही संबंध नाही," मॅडम म्हणाल्या आणि एजंटच्याच सर्च रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी आकडेमोड सुरू केली.

ती आकडेमोड मी नंतर घरी येऊन तीनदा करून पाहिली, म्हणून इथे लिहू शकते. गाळा दोघा भावांचा, निम्मा निम्मा. मोठा भाऊ मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या निम्म्याचे चार समान वाटे: बायको, मुलगा, मुलगी आणि आई. आई विसरायची नाही. नेमकी तीच सगळे विसरतात. म्हणजे आईला गाळ्याचा आठवा हिस्सा आला. ती बिचारी गाळ्यात कधी पाऊलही न टाकता आठव्या हिश्श्याची मालकीण झाली, तिला ते माहीतही नव्हतं. मग २०१९ ला ती गेली, तीही मृत्युपत्राविना. तिच्या आठव्याचे तीन वाटे: काका, त्यांची बहीण आणि गेलेल्या मुलाची दोन मुलं मिळून एक. सगळं एका छेदात आणलं की अठ्ठेचाळीस तुकडे होतात. काका सव्वीस, वहिनी सहा, पुतण्या सात, पुतणी सात. आणि काकांची चिपळूणची बहीण, म्हणजे त्या मुलांच्या आत्या, त्यांचे दोन.

अठ्ठेचाळिसातले दोन म्हणजे चोविसावा भाग.

"मॅडम, चोविसावा हिस्सा कोण बघतं?" एजंट हसला.

"आत्या बघतील. नाहीतर आत्यांचा नातू."

"काकांकडून बॉण्ड घेऊ ना, कुणी आलं तर मी निस्तरीन म्हणून."

"काकांचं वय?"

"एकाहत्तर."

मॅडम पुढे बोलल्या नाहीत. काकांनीच कागद पिशवीत भरायला घेतले. मला त्या क्षणी मॅडमचाच राग आला होता, खोटं कशाला सांगू. सगळं सुरळीत चाललेलं असताना या बाईनं दोन मेलेली माणसं उठवून टेबलावर बसवली, असं वाटलं. रिक्षात बसल्यावर मात्र घाम फुटला. एजंटच्या हाताला लागून मी सत्तर लाख दिले असते, तर काकांकडून मला गाळ्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग मिळाला असता आणि उरलेल्या बावीस तुकड्यांवर चार माणसं बसलेली असती. आणि तो दोन पानी रिपोर्ट खोटा नव्हता! शेवटची ओळ सोडली तर त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तीस वर्षांत या गाळ्यावर कसलाही भानगडीचा दस्त नोंदलेला नव्हताच. भानगड झाली होती ती दवाखान्यात आणि घरात, जिथे दस्त नोंदत नाहीत.

टोकनचं मॅडमनी दुसऱ्याच दिवशी निस्तरलं. काकांच्या सहीचं एक पत्र घेतलं: एक लाख मिळाले, टायटल स्वच्छ करून देऊ शकलो नाही तर परत करू. काकांनी कुरकुर न करता सही केली. माणूस सरळच आहे. त्यांना खरंच वाटत होतं की गाळा आपला एकट्याचा.

मार्चच्या एका दुपारी मॅडमचा आर्टिकल क्लार्क गाळ्यावर आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, हातात मेजरिंग टेप आणि मंजूर नकाशाची प्रत. मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात, कागदावर आहे की." तो म्हणाला, "कागदावर दोनशे दहा आहे. तुम्ही पैसे तीनशे दहाचे देताय." एजंटच्या तोंडचा आकडा मी नऊ महिने नाही, नऊ वर्षं ऐकत होते, भाडंही त्याच हिशेबानं ठरलेलं. दस्तात पाहायचं कधी सुचलंच नाही.

टेपचं एक टोक मी धरलं, कणकीच्या हातानं. रुंदी साडेदहा फूट, खोली वीस. दोनशे दहा, बरोबर. मग पोरगा बूट काढून शिडीनं पोटमाळ्यावर चढला. तिथे माझी गव्हाच्या पिठाची पोती, तेलाचे डबे, गणपतीतल्या मोदकांचे साचे. वरून ओरडला, "दहा बाय दहा!" खाली येऊन त्यानं नकाशा काउंटरवर पसरला आणि मला दाखवला. आमच्या गाळ्याचा चौकोन स्वच्छ, रिकामा. पोटमाळ्याची रेषही नाही. कुणीतरी मागाहून लोखंडी चॅनेल टाकून माळा बांधला आणि तो बिनपरवानगीचा माळा आजच्या भावानं मला विकायला काढला होता. शिवाय दुकानासमोरचा ओटा, जिथे माझी दोन स्टुलं आणि पाण्याचं पिंप असतं, तो इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे भोवती मोकळ्या सोडायच्या जागेत. तेवढं मला कळलेलंच होतं. अतिक्रमण पथकाची गाडी वळणावर दिसली की अख्खी लाइन आपापली स्टुलं आत ओढते.

मॅडमनी लिहून दिलं: किंमत फक्त दोनशे दहा फुटांची ठरवा, माळ्याचा दस्तात उल्लेखही नको, आणि उद्या तो काढायची नोटीस आली तर काढावा लागेल हे धरून चाला. काकांशी बसून बोललो. सत्तरचे बासष्ट झाले. दलाली टक्क्यावर असते, त्यामुळे एजंटनं पुढचे दोन आठवडे माझा फोन उचलला नाही.

म्हणजे फीचे पंचेचाळीस हजार तिथेच वसूल. नवऱ्याला खरी फी मी त्या रात्री सांगितली.

सिडकोचं प्रकरण मला वाटलं त्याहून सोपं निघालं, पण एक गोष्ट ऐकून मी गप्प झाले. नवी मुंबईत जमीन सिडको या सरकारी महामंडळाची. ती विकलेली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. आमच्या इमारतीचा पट्टा १९९१ चा, म्हणजे २०५१ पर्यंत. आयुष्यभराची पुंजी ओतून मी काकांची भाडेकरू होते ती सिडकोच्या जमिनीवरची भाडेकरू होणार होते, इतकंच. मॅडम म्हणाल्या, नव्या मुंबईतल्या जवळजवळ सगळ्यांचं हेच आहे, म्हणून सगळ्यांना झोप लागते. पण म्हणूनच विकण्याआधी सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क. आणि सिडकोच्या दप्तरात अजून दोघा भावांचीच नावं होती. म्हणजे आधी वारसांची नावं लागणार, मग विक्रीची परवानगी मिळणार. बेलापूरच्या सिडको भवनाच्या किती खेपा झाल्या ते काका सांगतील, मी तीनदाच गेले.

वारसांसाठी कोर्टातून वारस दाखला काढला. तो १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली मिळतो, अजूनही. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा माझ्या पोळीभाजीच्या गाळ्याला लागू, याची मला मोठी गंमत वाटली. गंमत फार दिवस टिकली नाही, कारण जाहीर नोटीस, हरकतींची मुदत आणि मध्ये कोर्टाची मे महिन्याची सुट्टी. मॅडमची स्वतःची जाहीर नोटीस वेगळी, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात: अमुक गाळा आमचे अशील घेत आहेत, कुणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवा. चौदा दिवसांत एकच फोन आला. त्याच लाइनीत माझाही गाळा आहे, तो घेता का.

मे महिन्यात मी मॅडमशी भांडले. माझं लिव्ह अँड लायसन्स जुलैअखेर संपत होतं, डब्यांची संख्या वाढत होती, बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलं होतं आणि इथे तारखाच. मी फोनवर बोलले, "तुम्ही सौदा करून द्यायला बसलात की मोडायला?" त्या म्हणाल्या, "तुमचं लायसन्स जुलैला संपतंय ना? ते सहा महिने वाढवून रजिस्टर करू, मसुदा संध्याकाळी पाठवते. सौदा होईपर्यंत बिनकागदाचं बसू नका." आणि फोन ठेवला. संध्याकाळी मसुदा आला. त्यात माझं काकांकडे असलेलं तीन लाख डिपॉझिट विक्रीच्या किमतीत वळतं करायचं कलमही होतं. ते डिपॉझिट मी स्वतः साफ विसरले होते.

मस्कतच्या पुतणीचा प्रश्न मला वाटत होता सह्यांचा. तो निघाला इन्कम टॅक्सचा. विकणाऱ्यांत परदेशात राहणारी व्यक्ती असली की घेणाऱ्यानं तिच्या हिश्श्यावर नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त कर (टीडीएस) कापून भरायचा, त्यासाठी तेव्हा वेगळा टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, काढावा लागत होता. तो कापला नाही तर जबाबदारी माझी. मॅडमनी वाट काढली: पुतण्या आणि पुतणी दोघांनी आपले हिस्से मोबदला न घेता आईच्या नावे हक्कसोडपत्रानं सोडावेत, म्हणजे विक्रीत फक्त वहिनी उरतात. मुलांची तशीच इच्छा होती, आईच्या म्हातारपणाला पैसे हवेतच. पुतणीनं तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. ते कुरियरनं आल्या आल्या मॅडमनी पाकिटावर तारीख टाकली. बाहेर केलेल्या कागदावर इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो.

राहिल्या आत्या.

आईच्या तेराव्याला भावाबहिणीचं काहीतरी बिनसलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. काय ते काकांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. एजंट म्हणाला, मी जाऊन सही आणतो. मॅडमनी साफ नाही सांगितलं. मसुदा तयार करून त्यांनी काकांच्या हातात दिला. "हे त्यांना वाचून दाखवा, त्यांचा हिस्सा किती आहे तो आकडा सांगा आणि मग विचारा. आकडा न सांगता घेतलेली सही मला नको." काका जूनमध्ये पावसातच कोकण रेल्वेनं चिपळूणला गेले. दोन दिवसांनी आले ते आधी गाळ्यावर. पुरणपोळीही मागितली नाही.

"देते म्हणाली सही. पण हिस्सा सोडणार नाही. पूर्ण पाहिजे म्हणाली, दोन लाख अठ्ठावन्न हजार तीनशे तेहतीस. मी म्हटलं, तीनशे तेहतीस तरी सोड. तर म्हणते, का?"

मला आत्या तिथेच आवडल्या.

पुढचे दोन महिने कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वारस दाखला आला, हक्कसोडपत्रं नोंदली, सिडकोत नावं लागली, परवानगीचं पत्र निघालं. तोवर पितृपक्ष लागला आणि काका अडले. मग एजंटला (तो परतला होता) दसऱ्याचा मुहूर्त सुचला. पण त्या वर्षी दसरा नेमका २ ऑक्टोबरला, म्हणजे दोन दोन सुट्ट्या एका दिवशी आणि कार्यालय बंद. ठरलं ३ ऑक्टोबर, शुक्रवार.

आदल्या आठवड्यात मॅडमनी मला बसवून दस्ताचं पान न् पान मराठीत सांगितलं. दोन तास लागले. मुद्रांक शुल्काला बाईच्या नावावर एक टक्का सवलत असते असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. ती फक्त राहत्या घराला, गाळ्याला नाही. गेले बासष्ट हजार. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही, तेवढाच दिलासा. टीडीएस मात्र मला अन्यायाचा वाटला. पन्नास लाखांच्या पुढे एक टक्का कापायचा हे माहीत होतं, पण इथे विकणारे तिघे, कुणाचाच हिस्सा पन्नासच्या वर नाही. मॅडम म्हणाल्या, १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात स्पष्टच केलंय, सगळ्यांचा मिळून आकडा धरायचा. म्हणून तीन फॉर्म. आत्यांचे दोन हजार पाचशे त्र्याऐंशी रुपये कापले जाणार हे त्यांना फोनवर मीच समजावलं. त्यांनी विचारलं, "परत मिळतात?" रिटर्न भरलं तर मिळतात म्हटलं. "मग भरीन."

तीन तारखेला सगळी वरात दुय्यम निबंधक कार्यालयात. काका, कराडहून वहिनी आणि त्यांचा मुलगा, चिपळूणहून आत्या नातवाबरोबर, बँकेचा माणूस डिमांड ड्राफ्ट घेऊन, दोन साक्षीदार. आत्या सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी. काकांनी पाणी आणून दिलं, त्यांनी घेतलं. बाकी दोघं काही बोलले नाहीत, पण बाकावर शेजारी शेजारी बसले.

आमचा टोकन नंबर लागला आणि अंगठ्यावर गाडी अडली. यंत्रावर आत्यांचा अंगठा उमटेना. ऑपरेटरनं पुसायला सांगितलं, दाबायला सांगितलं, दुसरं बोट घेतलं. शेवटी एकदाचं जमलं. मग माझी पाळी, तर माझाही उमटेना! नऊ वर्षं तव्यावरच्या पोळ्या बोटांनी उलटून रेषाच राहिल्या नव्हत्या. आत्यांनी माझा हात ओढून घेतला, अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "हिलापण चुलीनं खाल्लंय." मॅडमच्या पर्समध्ये व्हॅसलिनची लहान डबी होती. असल्या कामाला ती कायम जवळ असते म्हणाल्या. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली.

ड्राफ्ट ज्याचे त्याच्या हातात गेले. मॅडमनी मला एक कागद दिला, त्यावर उरलेली कामं: इंडेक्स टूची प्रत घेणं, तीस नोव्हेंबरच्या आत टीडीएस भरणं, दस्ताची प्रत सिडकोत देऊन नाव लावणं, सोसायटीचं सर्टिफिकेट, महापालिकेचा कर, महावितरणचं बिल. सगळं व्हायला पुढचं वर्ष उजाडेल म्हणाल्या, आणि दुसऱ्या फाइलला म्हणून वरच्या मजल्यावर निघूनही गेल्या.

परतताना सगळे गाळ्यावर आले. त्या दिवशी डबे बंद ठेवले होते. मी चहा टाकला. आत्या खुर्चीत बसल्या नाहीत, सगळीकडे फिरून बघत होत्या. पोटमाळ्याकडे मान वर करून पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "यातला माझा कुठला होता गं?"

तसा हिस्सा दाखवता येत नाही, तो सगळ्या गाळ्यातच असतो, हे मॅडमनी मला सांगितलेलं. पण चोविसावा म्हणजे पावणेनऊ फूट, हा हिशेब मी कधीचा करून ठेवला होता आणि तो बरोबर कुठे बसतो तेही. मी कणीक मळायच्या कडप्प्याच्या ओट्यावर हात ठेवला. "हा. एवढा."

त्यांनी ओट्यावरचं पीठ बोटानं सारून पाहिलं. "बरा आहे," म्हणाल्या. मग पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे धरला. "गाडीला चार पुरणपोळ्या दे."

मी दिल्या. त्यांनी कमरेचं पाकीट सोडून पैसे विचारले. काका म्हणाले, "अगं राहू दे, ती घेत नाही." आत्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शंभराची आणि साठ रुपयांची मोड ओट्यावर मांडली. मी घेतली.